कोंडूदादाचं ताक

कोंडूदादावर माझा राग आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठे त्याचं कौतुक करताना दिसलो, तर ते नाइलाजाने केलंय हे वाचणाऱ्याला कळेल.

मी तुडीलचा, सावित्री नदीच्या काठचा. वडिलांनी मागे काही ठेवलं नाही. जे आहे ते मी बोलून, भांडून, घासाघीस करून मिळवलंय. आज पोलादपुरात हायवेला लागून माझं पत्र्यांचं आणि सिमेंटचं दुकान आहे. खरं तर ते मस्कतला असायला हवं होतं, आणि पत्र्यांचं नव्हे, भाकरीचं. तसं झालं नाही ते कोंडूदादामुळे.

कोंडूदादा पोलादपूरच्या वरच्या अंगाचा. डोंगराच्या माथ्याजवळ वीस-बावीस उंबऱ्यांची वाडी. म्हशी, शेळ्या आणि उतारावरची नाचणी. वाडीचं नाव विचारलं की म्हणायचा, "नाव कशाला पायजे? पोलादपुरात उतर नि वर बघ. सगळ्यात वर दिसंल ती आमची."

आमची गाठ पडली ती मात्र ओमानमध्ये. मस्कतपासून तासाभरावर, एका उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या कंपनीचा कॅम्प होता. मी स्टोअर सांभाळायचो. तो स्कॅफोल्डिंगवर लागला. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंग काटकुळं, पण उंचावर असा चढायचा की सुपरवायझर खाली उभा राहून नुसता बघत बसायचा.

पहिल्या दिवशी बॅग खांद्यावर घेऊन तो खोलीच्या दारात आला आणि आत न येता मागच्या डोंगराकडे बघत राहिला. मग मला विचारलं, "ह्यो कवा उतरतो?"

मला वाटलं, बसचं विचारतोय. "कोण?"

"डोंगर."

आम्ही पाच जण खो खो हसलो. मी त्याला समजावलं, की बाबा, इथे वर्षाला दोनदा पाऊस पडतो, हा डोंगर कुठे जात नाही. तो म्हणाला, "आमचाबी जात नव्हता." आणि त्याने आपली खाट भिंतीपासून ओढून दाराशी नेली. पुढे तीन वर्षं ती खाट तिथेच होती. खोलीतल्या प्रत्येकाच्या पायाचं बोट तिच्यावर आपटलेलं आहे. माझं तर दर आठवड्याला आपटायचं. मी शिव्या घालायचो, आणि तो शांतपणे पाय उचलून घ्यायचा, जशी काही चूक त्याच्या पायाची होती.

हसणं थांबलं ते पहिल्या जूनमध्ये. तेव्हा कळलं, की त्याच्या घरामागे, फणसाच्या वर, जमिनीला आधीच हातभर रुंद भेग पडली होती. अधिकारी येऊन बघून गेले होते. तेव्हापासून दर पावसाळ्यात वाडीला नोटीस यायची, की खाली शाळेत राहायला या. लोक पोरंबाळं घेऊन खाली यायचे, आठ-दहा दिवसांनी कंटाळून परत वर जायचे. घरी म्हातारी आई आणि बायको, सगुणावहिनी. मूलबाळ नव्हतं. कोंडूदादा या वयात वाळवंटात आला होता तो एकाच कामासाठी. खाली सपाटीवर दोन गुंठे जागा, तिच्यावर चार भिंती. "बंगला नको, गच्ची नको," असं म्हणायचा. "मागं डोंगर नको, एवढंच."

जून ते सप्टेंबर तो रोज संध्याकाळी घरी फोन करायचा. बरे आहात का, जेवलात का, असलं काही विचारायचा नाही. पहिला प्रश्न ठरलेला : "झऱ्याला पानी कसलं येतंय?" घरामागच्या झऱ्याचं पाणी निवळ असेल तर डोंगर जागच्या जागी आहे. गढूळ आलं तर आतून माती सुटायला लागली असं समजायचं. वहिनी "निवळ हाय" म्हणाल्या की तो जेवायला बसायचा. फोन लागला नाही तर ताट तसंच राहायचं. तो खाटेवर दाराकडे तोंड करून बसायचा, आणि हळूहळू आमच्याही घशाखाली घास जाईनासा व्हायचा. सहा माणसांच्या त्या खोलीत नंतर नंतर सगळेच विचारायला लागले, "दादा, पाणी कसलंय?"

जेवण हा तिथे सगळ्यांचाच दुखरा भाग होता. मेसमध्ये भात असायचा, रोटी असायची, पोट भरायचं. पण नाचणीची भाकरी नाही, कुळथाचं पिठलं नाही, सुकटीची चटणी नाही. माणगावचा एक जण सुकट आठवून खरोखर रडला होता. ताकाच्या नावाने तिथे पाकिटात लबान मिळतं. कोंडूदादाने पहिला घोट घेतला, तोंडात घोळवला आणि बाहेर जाऊन थुंकला. "पांढरं पानी," एवढंच म्हणाला.

त्याच्याकडे उपाय होता. घरून येताना सगुणावहिनींनी सुती चिंधी विरजणात भिजवून सावलीत वाळवून, तिची घडी करून दिली होती. मस्कतच्या विमानतळावर तपासणाऱ्या माणसाने ती घडी उलगडली, हुंगली आणि पुन्हा तशीच घालून दिली. कोंडूदादा म्हणायचा, "त्याच्या घरीबी म्हस असनार." त्या चिंधीवर त्याने दही लावलं. पॅकिंगच्या खोक्याची फळी तासून रवी केली. आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, पहिलं ताक झालं. आलं, मिरची, कोथिंबीर, वरून जिऱ्याची फोडणी.

ते ताक मी प्यायलो तेव्हा मला माझी आई आठवली वगैरे नाही. मला धंदा दिसला.

परदेशात राहणारा माणूस सुट्टीच्या दिवशी दोनच गोष्टी करतो. गावच्या जेवणाची आठवण काढतो आणि कोणता धंदा करावा याची चर्चा करतो. आम्हीही पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून सलूनपासून मोबाइल दुरुस्तीपर्यंत सगळे धंदे काढले होते, आणि त्या सावलीतच ते बुडवलेही होते. कोंडूदादा या चर्चेत कधी बोलायचा नाही. एकदा फारच आग्रह केला तेव्हा म्हणाला, "घाई म्हशीला नसते, म्हनून तिला दूध येतं."

पण तिसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर घाई करणं भाग पडलं. कंपनीचं काम संपत आलं होतं. मार्चअखेर सगळ्यांना घरी पाठवणार, हे कळलं. मी कोंडूदादाला बाजूला घेतलं. म्हटलं, "दादा, आता परत गेलास तर तुझी दोन गुंठे जागा विसर. तुझा हात आणि माझं तोंड एकत्र आलं तर इथे भाकरीचं दुकान चालेल. हजार कोकणी माणसं आहेत आसपासच्या कॅम्पांत. आणि सुकट आठवून रडणारा एकटा माणगावकर नाही."

कॅम्पाबाहेर केरळच्या कोयाचं छोटं कॅफेटेरिया होतं. मी तीन शुक्रवार त्याच्याशी घासाघीस केली. शेवटी त्याने संध्याकाळी चार ते सात एक खिडकी द्यायची कबूल केली. जम बसला तर मार्चनंतर आम्हा दोघांचे कागद आपल्या लायसन्सवर घेईन, असंही म्हणाला. त्याचा हिशोब साधा होता. आमच्या भाकरीला गर्दी येईल, आणि गर्दी त्याचा चहा आणि थंड बाटल्या पिईल. कोंडूदादाने ऐकून एवढंच विचारलं, "म्हंजी पुढच्या पावसाच्या आत जागा व्हईल?"

"होईल."

"मग थापतो भाकऱ्या."

मी पुठ्ठ्यावर भाव लिहायला बसलो. भाकरी, पिठलं, चटणी. ताकाशी आलो तेव्हा त्याने माझा मार्कर धरला.

"त्याच्याफुडं काय लिहू नको."

"का?"

"ताक इकत नाय."

मला आधी वाटलं, थट्टा करतोय. "अरे, तुम्ही दूध विकता, तूप विकता, म्हशीचं शेणसुद्धा विकता. ताकाला काय सोन्याची फोडणी असते?"

"दूध इकावं, तूप इकावं. ताक दारात येईल त्याचं. ताक इकलं तर म्हस आटते."

"इथे कुठाय तुझी म्हैस?"

"ती वर हाय. तिला कळतं."

मी भडकलो. पुठ्ठा फेकला, त्याला अडाणी म्हटलं, आणखी बरंच काही म्हटलं, जे इथे लिहीत नाही. त्याने पुठ्ठा उचलून झटकला. आणि मग, त्याच्या मानाने फार मोठं भाषण केलं. "सुऱ्या, औंदा आमची म्हस गाभन हाय, आटल्याय. माझी आय रोज लोटा घेऊन शेजारनीच्या दारात जाते. ती शेजारीन तिला मोजून देत नाय. फुडल्या साली तिची आटंल, ती आमच्या दारात येईल. वाडी ह्याच्यावर उभी हाय. तिकडं माझी आय फुकट पिते, नि हितं मी पैसे घेऊ?"

याला उत्तर होतं माझ्याकडे. हा ओमान आहे, तुझी वाडी नाही, हे उत्तर होतं. पण मी दिलं नाही. मला वाटलं, चार दिवस फुकट वाटून बघेल, मग भाव लागेल.

खिडकी उघडली आणि गर्दी लोटली. खोटं कशाला बोलू, तशी गर्दी मी माझ्या दुकानात अजून पाहिलेली नाही. महाडचे, खेडचे, चिपळूणचे लोक, आणि मग बिहारी, बांगलादेशी, दोन ओमानी ड्रायव्हरसुद्धा. कोंडूदादा भाकरी थापायचा आणि पातेल्यातून ताक वाढायचा. प्रत्येकाला विचारायचा, "कुठला रे तू? पाऊस कसा हाय तुमच्याकडं?" डिसेंबरात. लोक हसायचे आणि पेला पुढे करायचे.

तिसऱ्या आठवड्यात कोया माझ्याकडे आला. "भाई, तुम्हारा चाचा मुफ्त में पिलाता है, मेरा ठंडा कौन लेगा? या तो इसका पैसा लगाओ, या खिडकी खाली करो."

माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मग ताक नको ठेवाया. नुसती भाकरी ठेवू." पण लोक येत होते ते ताकासाठी, हे मला दिसत होतं आणि कोयालाही दिसत होतं.

मग मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. साडेपाचला दादा घरी फोन लावायला मागच्या बाजूला जायचा. पावसाळा नसला तरी त्याची ती वेळ चुकायची नाही. तेवढ्या वेळात मी ताकाचे पैसे घ्यायला सुरुवात केली. फार नाही, पेल्यामागे पन्नास बैसा, म्हणजे आपले दहाएक रुपये. कोणाची तक्रार नव्हती. कोयाही गप्प झाला. आठ दिवस सुरळीत चाललं. नवव्या दिवशी एक खेडचा माणूस दादाच्या हातावर नाणं ठेवून म्हणाला, "काका, कालचं राहिलं होतं."

दादाने नाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते पीठ लागलेल्या हाताने बाजूला ठेवून पुढची भाकरी थापली. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. भांडणात मी कधी हरत नाही.

दुसऱ्या दिवशी भाकरी होती, पिठलं होतं, ताक नव्हतं. "इरजन लागलं नाय," तो म्हणाला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही लागलं नाही. पाचव्या दिवशी मी खोलीत त्याचं दह्याचं भांडं शोधलं. ते घासून, पुसून पालथं घातलेलं होतं. ती चिंधी साबणाने धुऊन खाटेच्या दांडीवर वाळत घातलेली. स्वच्छ पांढरी. हुंगून बघितली, साबणाशिवाय कसलाही वास नव्हता.

महिन्याभरात गर्दी ओसरली. कोयाने खिडकी बंद केली. मार्चला कंपनीने आम्हाला विमानात बसवलं. मुंबईला उतरल्यावर सामानाची वाट बघताना मी त्याला म्हणालो, "दादा, तू माझा धंदा बुडवलास आणि तुझी जागाही." तो म्हणाला, "तुझा राग रास्त हाय. माझाबी हाय. दोघांचेबी असू दे." आणि माझी बॅग आली तेव्हा ती त्यानेच पट्ट्यावरून उचलून दिली.

या गोष्टीला पाच वर्षं झाली. मी दुकान टाकलं, हायवेपासून आत थोडी जागाही घेतली गोदामासाठी. कोंडूदादा वर म्हशी राखतो, सिझनला महाडच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे रंगाच्या कामाला उंचावर चढतो. रस्त्यात भेटला की दोन शब्द बोलायचा. जागेचं काही झालं नव्हतं. दर पावसाळ्यात शाळा, आठ-दहा दिवसांनी परत वर.

यंदा मे महिन्यात तो दुकानात आला. सिमेंटच्या पोत्यावर बसला. पाठीशी भिंत होती, तर पोतं पुढे ओढून बसला. म्हणाला, भेग वाढल्याय, आता तीतून शेळीचं करडू खाली गेलं. थोडं जमलंय, थोडं सोसायटी कर्ज देते म्हणते. "तुझी ती आतली जागा हाय ना, त्यातली दोन गुंठे मला देशील का? मागं डोंगर नाय तिच्या."

माझ्या मनात काय आलं ते मी सांगतो. पहिल्यांदा ती धुतलेली चिंधी आली. मग मी त्याला भाव सांगितला. चढा सांगितला. पण पहिला भाव चढाच सांगायचा असतो. समोरचा निम्म्यावर येतो, आपण कपाळाला हात लावतो, तो उठून जायला निघतो, आपण हाक मारतो. हे महाडच्या बाजारात मिरच्या घेणाऱ्या बाईलाही ठाऊक आहे. मी हाक मारायला तयार बसलो होतो. मनात कुठे थांबायचं तेही ठरवलं होतं, आणि तो आकडा वाईट नव्हता.

कोंडूदादाने मान हलवली. "बरं," म्हणाला. "बघतो." चहाचा कप विसळून ठेवला आणि गेला.

मी वाट बघितली. आज येईल, उद्या येईल, निम्म्याने मागेल. मी स्वतः निरोप धाडला असता तर भाव पडला असता, म्हणून धाडला नाही. जून लागला. दुकानात पत्र्यांची गर्दी झाली, आणि पावसाचा जोर वाढला तसं माझं लक्ष गिऱ्हाइकावरून उडायला लागलं. फोन लावला तर लागेना. गेल्या सोमवारी सकाळी वरच्या वाड्यांना पुन्हा नोटीस गेल्याचं ऐकलं, तेव्हा शटर ओढून मी शाळेत गेलो.

वर्गात सतरंज्या, पातेली, ओल्या चादरी. सगुणावहिनी फळ्याखाली बसल्या होत्या, म्हातारी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. मी विचारलं, दादा कुठाय. "वर गेल्यात. म्हशी शाळेत कोन घेईल? रोज सकाळी वैरन टाकाया जातात, दुपारपातूर येतात."

"झऱ्याचं पाणी?"

त्यांनी म्हातारीच्या अंगावरची चादर सारखी केली. "काल लाल व्हतं."

मग मी जागेचा विषय काढला. म्हटलं, दादा परत आलाच नाही बोलायला. मी तर वाट बघत होतो.

वहिनींनी माझ्याकडे नवल केल्यासारखं बघितलं. "काय बोलायचं व्हतं, भाऊ? तुमच्याकडून आले नि म्हनाले, जागा आपल्याला झेपायची नाय. मी म्हनलं, थोडं कमी करून मागा. तर म्हनाले, सुऱ्यानं सांगितला म्हंजी तेवढाच भाव असनार. तो आपल्याला ज्यास्ती कशाला सांगंल?"

मी शाळेतून निघालो तो सरळ वरच्या वाटेला लागलो. गाडी पहिल्या वळणापर्यंत जाते, पुढे पायवाट. तिथे ओढा आडवा आला होता, तांबडा, फुगलेला, त्यातून पाय टाकायची सोय नव्हती. पलीकडे उतारावर तो दिसला. डोक्यावर प्लास्टिकचं घोंगतं, पाठीवर गवताचा भारा, वाडीकडे चढत होता. हाकेच्या अंतरावर. म्हणजे पाऊस नसता तर.

"दादा!" मी ओरडलो. "दादा, तो भाव खरा नव्हता!"

तो चालत होता.

"निम्म्यात घे! अरे, निम्म्यात!"

ओढ्याचा आवाज एवढा होता की माझं मलाच नीट ऐकू येत नव्हतं. एका ठिकाणी तो थांबला, भारा घसरत होता तो खांदा उडवून वर घेतला. मला वाटलं, ऐकलं. मी दोन्ही हात हलवले.

"हप्त्याने दे! दिवाळीला सुरू कर! अरे, नंतर बघू भावाचं, आधी खाली ये तू!"

आयुष्यात पहिल्यांदा समोरून कोणी काही मागत नसताना मी भाव पाडत होतो. तो पुन्हा चालायला लागला. त्याची चाल नेहमीचीच, बिनघाईची, पाय टाकायच्या आधी जमीन चाचपून बघणारी. फणसाच्या झाडापाशी ढग खाली आलेला होता. आधी त्याचं डोकं त्यात गेलं, मग भारा, मग पाय, आणि मी ओढ्याच्या अलीकडे उभा राहून आकडे ओरडत राहिलो.